परदेशी आजींचा सव्वा महिना

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. इथे आपटा कुठला? विक्रांतने दारातल्या कुठल्याशा झुडपाची पानं तोडून आणली आणि सोनं म्हणून माझ्या हातावर ठेवली. जावई हौशी आहे, अक्कल बेताची. तन्वी आणि बाळ आज हॉस्पिटलमधून घरी आले. मुलगी आहे, तीन किलो शंभर ग्रॅम, नाक आमच्याकडचं.

मला आयर्लंडमधल्या स्लायगोला येऊन सतरा दिवस झाले. त्यातले सोळा दिवस पाऊस होता. सतराव्या दिवशी नुसतं ढगाळ होतं, तर शेजारच्या नोरीनबाई कुंपणावरून म्हणाल्या, काय ग्रँड दिवस आहे. या देशात सगळंच ग्रँड असतं, त्यामुळे कशाचीच चौकशी करावी लागत नाही.

हॉस्पिटलात बाळंतिणीला काय दिलं? टोस्ट, लोणी, चहा आणि बर्फ घातलेल्या पाण्याचा जग. मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं. 'प्रसूतीनंतरची काळजी' हा धडा मला झोपेतही म्हणता येतो. पण तिथे मला कोण विचारतंय? घरी आल्या आल्या तन्वी खिडकीपाशी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, गार पाणी दे ना. बर्फ घालून." ओल्या बाळंतिणीला बर्फ! मी ओवा घालून उकळलेलं पाणी दिलं. तिने ग्लास हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. पोरी शिकल्या आणि त्यांच्या जिभा चटावल्या.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी सरकारी नर्स येऊन गेली. इथे ती प्रत्येक बाळंतिणीच्या घरी येते. पद्धत चांगली आहे, मान्य केलं पाहिजे. बाळाचं वजन केलं, बेंबी पाहिली. मग तन्वीकडे वळली आणि विचारायला लागली, जेवण कसं, झोप कशी, मनाला कसं वाटतंय, रडू येतं का. तन्वी विचार करत बसली. तिचं लहानपणापासून हेच. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून मार्क घालवायची. म्हणून मीच सांगितलं की जेवण मी देते, झोप बाळ देईल तेवढी, आणि रडू कशाला येईल, मी आहे ना. तरी नर्स तन्वीकडेच बघत राहिली. शेवटी तन्वी म्हणाली, "आय ॲम ग्रँड." ही पण आता इथलीच झाली.

जाताना नर्सने एक पत्रक ठेवलं. आईची मनःस्थिती वगैरे, खाली फोन नंबर. कागद चांगला जाड आणि गुळगुळीत आहे. मालिशच्या तेलाची बाटली गळते आणि प्रेसच्या फळीवर डाग पडतो (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, का ते विचारू नये). पत्रक बाटलीखाली अगदी मापात बसलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज धुरी दिली. निखाऱ्यांच्या नावाने जळका कोळसा मिळाला, त्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं. बाळाला अजून पुरता धूर लागलाही नव्हता तोच छतावरचा भोंगा सुरू झाला. विक्रांत कानाला हेडफोन लावलेल्या अवस्थेत मीटिंगमधून धावत आला आणि पुठ्ठ्याने छताला वारा घालायला लागला. कॉम्प्युटर इंजिनिअर.

आवाज ऐकून दोन्हीकडचे शेजार गोळा झाले. एकीकडून नोरीनबाई, हातात ओला टॉवेल. दुसरीकडून एक चिनी बाई, माझ्याच वयाच्या, केसांना काळा रंग, अंगात भरतकामाची बंडी. नोरीनबाई धूर पाहून घाबरल्या. चिनी बाई धूर पाहून खूश झाल्या. त्यांनी नाक वर करून वास घेतला, तन्वीच्या कानांना मी बांधलेला स्कार्फ पाहिला, बाळाला पायांवर आडवं घेऊन तेल लावताना पाहिलं आणि फोन काढला.

त्यांचा फोन मराठी बोलतो, आकाशवाणीसारखं स्वच्छ. त्यातून समजलं ते असं. या चेनबाई, चांग्शा नावाच्या शहरातून सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या आहेत. नातू सतरा दिवसांचा. त्यांच्यात बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला शिवायचं नाही, आलं-खजुराचं गरम प्यायचं. म्हणजे आपलाच सव्वा महिना, दहा दिवस कमी. पण सून, तिचं नाव शिन्यी, चौथ्या दिवशी फिरायला गेली आणि येताना बर्फाची कॉफी पीत आली. का? तर त्यांच्या चिनी ॲपवर सगळे म्हणतात की परदेशी बायका महिना पाळत नाहीत, बाळंत होऊन उठतात, गार पितात आणि तरी त्यांना काही होत नाही. सासू सांगते ते अंधश्रद्धा, परदेशी करतात ते शास्त्र.

मी म्हटलं, बाई, हात द्या. माझ्या घरीही हेच चाललंय.

शनिवार, ११ ऑक्टोबर

चेनबाईंनी माझा व्हिडिओ काढला. आपलं कारण त्यांनी सरळ सांगितलं. सून सासूचं ऐकत नाही, परदेशी बाईचं ऐकते. मग परदेशी बाई शेजारीच असताना ती वाया का घालवायची?

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला आजवर कुणी परदेशी म्हटलं नव्हतं. पुण्याच्या विहीणबाई सातारकर म्हणतात, तेही नाक मुरडून. आज मी एकदम परदेशी झाले. नारायणपेठी नेसले, चष्मा पुसला. मी 'बाळंतिणीने कोमट पाणीच का प्यावं' यावर इंग्रजीत सहा मिनिटं बोलले, त्यातली चार त्यांनी कापली. बाळाला पायांवर घेऊन मालिशही करून दाखवली. तन्वी मागे खिडकीपाशी तिच्या खुर्चीत होती. आत जा म्हटलं तर उठली नाही. मग राहू दिलं, उदाहरणाला बाळंतीण हवीच होती.

रविवार, १२ ऑक्टोबर

बारसं केलं. साताऱ्याहून हे फोनवर होते. नाव निहारिका. पाळण्याशी नाव सांगायच्या वेळी तन्वी रडायला लागली आणि थांबेना. आनंदाश्रू. माझ्या वेळी मीही रडले होते, पण मी पाहुण्यांचं जेवण वाढता वाढता रडले. इथे पाहुणे चार होते आणि जेवण मी केलं होतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

माझा व्हिडिओ बेचाळीस हजार लोकांनी पाहिला. शाळेत पूर्ण कारकिर्दीत मिळून मी बहुधा एवढ्या मुली पाहिल्या नाहीत.

एक छोटी भानगड झाली आहे. चेनबाईंचा भाचा चांग्शात बसून व्हिडिओ सजवतो. त्याने माझ्या नावाखाली काहीतरी लिहिलं होतं. विक्रांतच्या फोनवर भाषांतर केलं, तर 'युरोपातील ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ, प्राध्यापक पु' असं निघालं (माझ्या आडनावाचं चिनीत एवढंच उरलं). वर माझ्या साडीवर एक पांढऱ्या कोटाचं चित्रही चिकटवलंय. मी चेनबाईंना म्हटलं की मी डॉक्टर नाही आणि युरोपातली तर नाहीच नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात? युरोपात. शिकवत होता की नाही? होता. मग यात खोटं काय? मुद्दा बिनतोड होता. शिवाय बेचाळीस हजार लोकांना आता परत बोलावून कोण सांगणार?

दुपारी त्यांच्याकडे बसून त्या ॲपवरचे परदेशी पाहिले. बाळंतपणाचा विषय सोडला तर परदेशी माणसाला तिथे फारसं काम नाही. गोरा असेल तर त्याने मोमोसारखं काहीतरी तोंडात घालायचं आणि डोळे पांढरे करायचे. दुसऱ्याने आगगाडीत बसून किती वेगात चालली म्हणून तोंडावर हात ठेवायचा. तिसऱ्याला चिनी भाषेतली चार वाक्यं येतात, त्याला लोक जावई करून घ्यायला निघालेत. आणि चौथी डॉक्टरकडे गेली तर त्याच दिवशी नंबर लागला म्हणून ती रडतेय. स्लायगोत राहून मला तिचं रडणं मात्र पटलं, इथे नंबर लागायला महिने जातात.

आपली माणसं? आपली माणसं एकाच कामावर नेमली आहेत. कळकट गाडा, काळी कढई, कोपरापर्यंत पिठात हात, आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. माझं डोकंच फिरलं. एवढ्या मोठ्या देशाची ही ओळख? चेनबाईंना चांगलं सुनावलं. आमच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर चिनी लोक काय काय खातात त्याचे व्हिडिओ मीही पाठवलेत, पण ते वेगळं. ते माहितीपर होते.

चेनबाई जगाला महिनाभर बाळंतीण कशी जपावी ते सांगतात आणि यांची सून वर एकटी खोलीत, बाळ रडतंय तर या खाली फोनवर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

व्हिडिओखालच्या प्रतिक्रियाही वाचल्या. आजींचे केस छान आहेत. आजींचा आवाज शिक्षिकेसारखा आहे. मागच्या बाई कोण? मागच्या बाईंचा चहा गार झालाय, त्या पीत का नाहीत? लोकांना नाही त्या चौकशा.

शनिवार, १८ ऑक्टोबर

संकट. काही लोकांनी लिहिलं की ही बाई परदेशी नाही, भारतीय आहे. म्हणजे मी चीनमध्ये परदेशी नाही, आयर्लंडमध्ये आयरिश नाही, आणि पुण्यात तर सातारकर. राहायचं कुठे माणसाने?

चेनबाई व्यवहारी. त्यांनी लगेच नोरीनबाईंना आणून माझ्या शेजारी बसवलं. गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या, सहा मुलांची आई. याहून परदेशी काय हवं? पण नोरीनबाईंनी तोंड उघडलं आणि घात केला. म्हणाल्या, महिना कसला, तिसऱ्या दिवशी मी गाईंची धार काढत होते. हॉस्पिटलात रक्त वाढावं म्हणून काळी बिअर देत, ती मी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या वाटचीही प्यायले.

व्हिडिओ संध्याकाळी आलासुद्धा. खाली चिनी अक्षरांत नोरीनबाई सांगत होत्या की आयर्लंडमध्ये बाळंतीण महिनाभर पलंगावरून उतरत नाही आणि तिला दोन वेळा काळा औषधी काढा देतात. नोरीनबाई तो पाहून इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. त्यांनी तो मुलांना पाठवला. मला हे पटलं नाही. माणसाच्या तोंडी भलतं घालणं वाईटच. माझ्या बाबतीत फरक किरकोळ होता.

आठवडाभरातला हा सातवा व्हिडिओ, तो नव्वद हजार लोकांनी पाहिला. खाली परत तेच. मागच्या बाईंनी सातव्या व्हिडिओतही तोच राखाडी स्वेटर घातलाय. त्या बाळाकडे बघत नाहीत. मी इतक्या लोकांना शिकवायला बसले आहे आणि अख्खा वर्ग खिडकीकडे बघतोय.

सोमवार, २० ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. पहाटे उटणं कालवलं, तेल गरम केलं, तन्वीला हाक मारली. आली नाही. म्हणाली, नंतर करते. दुपारी विचारलं, तर नंतर. संध्याकाळी विचारलंच नाही. दिवाळीची पहिली आंघोळ न करता लोळत राहणं म्हणजे कमाल आहे. डिंकाचा लाडू चार दिवसांपूर्वीचा तिच्या उशाशी तसाच पडला होता.

विक्रांत भांडी पुसता पुसता म्हणाला, "आई, तन्वी जरा लो वाटते. डॉक्टरांना फोन करू का?" मी म्हटलं, बाळंतपणात सगळ्याच बायका थकतात, तुम्ही पुरुषांनी त्यात डोकं घालू नये. तो परत मीटिंगला गेला. शब्दाबाहेर नाही, हा त्याचा गुण.

शेजारून लाल रंगवलेली अंडी आली. चेनबाईंच्या नातवाला महिना झाला. मी चकल्या पाठवल्या.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज फार बरं वाटलं. बाळाला न्हाऊ घालून, टाळूवर तेल भरून दुपट्यात गुंडाळत होते. तन्वी बघत होती. म्हणाली, "आई, तू जाताना तिला साताऱ्याला घेऊन जा. तुझ्याकडे ती नीट राहील."

मी म्हटलं, वेडी का काय, आणि हसले. ती हसली नाही. पण इतकी वर्षं जी मुलगी आईला काही कळत नाही म्हणायची, तिने शेवटी आईच्या हाताला गुण आहे हे कबूल केलं. यांना फोन करून सांगितलं. हे म्हणाले, ती असं का म्हणाली? यांना कशाचा आनंद कधी झालाय?

त्या वेळी चित्रणासाठी आलेल्या चेनबाईही होत्या. फोनने त्यांना तन्वीचं वाक्य समजावलं असावं. त्यांनी चित्रण बंद केलं आणि पाय दुखतो म्हणून घरी गेल्या. येताना पाय धड होता.

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज इथे सुटी. आज माझा पहिला थेट कार्यक्रम. चीनमध्ये संध्याकाळ, इथे सकाळचे अकरा. चेनबाईंचं मन नव्हतं, पण भाच्याने जाहिरात करून ठेवली होती. मी पैठणी नेसले. विषय होता, 'आईची काळजी: पौर्वात्य आणि पाश्चात्त्य दृष्टी'. दोन्ही दृष्टी मीच मांडणार होते.

सुरुवात झकास झाली. आठ हजार लोक. वीस मिनिटांनी बाळ माझ्या मांडीवर रडायला लागलं. भूक लागली होती. मी बोलता बोलता मागे वळून म्हटलं, तन्वी, घे गं हिला. ती खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा म्हटलं. बाळ लालबुंद होऊन रडत होतं आणि ती बघत होती कुंपणाकडे.

पडद्यावर चिनी अक्षरं आधी सावकाश वर जात होती, ती भराभर जायला लागली. चेनबाई वाचत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. मी स्तनपानाच्या मुद्द्यावर येतच होते, तेवढ्यात त्यांनी पुढे होऊन फोन सरळ बंद केला. आठ हजार माणसं बसलेली असताना! मग मला ओलांडून तन्वीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागल्या. फोनशिवाय, चिनीतच काहीतरी पुटपुटत. तन्वीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मला राग आला. सगळ्याचा. कार्यक्रम मोडल्याचा, आणि खांदा माझा नव्हता त्याचा.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सकाळी शिन्यी आली. ही सून माझ्याशी आजवर 'हाय आंटी'पलीकडे बोलली नव्हती. ती माझ्या बाजूची असेल अशी अपेक्षा मी करणंही चूक होतं, तीन आठवडे मी तिच्याविरुद्धचा पुरावा होते. तिच्या हातात तिचा फोन होता. म्हणाली, सासूबाईंचा फोन तुम्हाला निवडक दाखवतो, मी सगळं वाचून दाखवते. आणि वाचायला लागली. पहिल्या व्हिडिओपासून.

मागच्या ताईंना कुणीतरी पाणी द्या. मागच्या ताईंचे डोळे माझ्या बहिणीचे होते तसे आहेत, आम्ही उशिरा ओळखलं. प्राध्यापक आजी, मागे वळून बघा. मी नर्स आहे, कृपया कुणीतरी या बाईला विचारा. आजी, मागे बघा. मागे बघा. हे एकच वाक्य किती लोकांनी लिहिलं होतं ते तिने मोजलं नव्हतं. तिने बोटाने पडदा वर ढकलत नेला आणि तो संपेना.

मी म्हटलं, पण ते मला प्रश्न विचारत होते. बाळंतिणीच्या काळजीबद्दल.

शिन्यी म्हणाली, "आंटी, ते तुम्हाला विचारत नव्हते. ते तिच्याबद्दल विचारत होते."

मग म्हणाली की मीही रडत होते, पहिले दोन आठवडे. रडू फुटलं की कॉफी घ्यायला बाहेर पडायचे. सासूबाईंनी काल पहिल्यांदा विचारलं.

मी तन्वीपाशी जाऊन बसले. समोर नाही, शेजारी. काय विचारायचं ते मला सुचेना. एकतीस वर्षं मी प्रश्नपत्रिका काढल्या. शेवटी म्हटलं, तन्वी, तुला कसं वाटतंय? आणि तोंड मिटून बसले. पाऊस पडत होता.

"तू विचारलंच नव्हतंस," ती म्हणाली. "नर्सने विचारलं होतं. तू उत्तर दिलंस."

मग तिने सांगितलं. झोप येत नाही, बाळ झोपलं तरी. बाळाकडे बघितलं की भीती वाटते, माझ्या हातून हिला काहीतरी होईल. मी नसले तर सगळ्यांचं बरं चालेल. म्हणून म्हणाले, घेऊन जा.

आणि मी यांना फोन करून सांगितलं होतं की मुलीने माझं कौतुक केलं.

पत्रक तेलाच्या बाटलीखाली होतं. तेल पार मुरलं होतं, अक्षरं पलीकडून दिसत होती, पण नंबर वाचता आला. फोन मी विक्रांतला लावायला सांगितला आणि तन्वीच्या हातात दिला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, मध्ये बोलायला नको म्हणून. नर्स दुपारी दोनला आली. या देशात ज्या गोष्टींना महिने लागतात असं मी लिहिलं आहे, त्यातली ही नव्हती. तिने तन्वीला सांगितलं की हा आजार आहे, पुष्कळ जणींना होतो, यात तुझी चूक नाही आणि तू यातून बरी होशील. उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे. एकटीला अजिबात ठेवायचं नाही. माझ्याकडे वळून तिने काही विचारलं नाही. मी काही सांगितलंही नाही.

मग ही वही सुरुवातीपासून वाचली. कोरड्या पाषाणाची म्हण मी पंधरा तारखेला चेनबाईंना लावली होती. खोडणार होते. राहू दे.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, गुण यायला दोन-तीन आठवडे. विक्रांतने रजा काढली आहे. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द उलटून बोलता आले असते.

चांग्शाचा भाचा विचारतोय, प्राध्यापक पु कुठे गेल्या? चेनबाईंनी त्याला काय कळवलं ते शिन्यीने सांगितलं. परदेशी तज्ज्ञांना घरचं काम आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

सव्वा महिना झाला.

काल तन्वीने आपण होऊन आंघोळ केली. राखाडी स्वेटर मी धुतला नाही, तिनेच मशिनमध्ये टाकला. आज निहारिकाला मांडीवर घेऊन बसली होती, बारा मिनिटं. मी घड्याळ बघत होते, पण तिला कळू दिलं नाही. मग तिने बाळ विक्रांतकडे दिलं आणि डोळे मिटले. आज बारा, उद्या कदाचित चारच. नर्सने तसं सांगून ठेवलंय.

चेनबाई आल्या होत्या. त्यांच्या फोनमधली बाई आणि मी अशा तिघी जणी स्वयंपाकघरात बसलो होतो. तिथून मी तन्वीला विचारलं की काय खाशील? आणि थांबले. आता मला थांबता येतं, वेळ लागतो पण येतं.

"टोस्ट," ती म्हणाली. "लोणी लावून. आणि गार पाणी. बर्फ घालून."

चेनबाईंच्या फोनने हे त्यांना चिनीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि नोरीनबाईंच्या कुंपणाचं अगदी मन लावून निरीक्षण करायला लागल्या.

मी ग्लासात बर्फाचे तीन खडे घातले. चौथाही घातला. तन्वीने पूर्ण ग्लास प्यायला, मी शेजारी बसून बघितलं. हे चीनला कळवायची गरज नाही.